चार्ज देणारे विष्णूकाका

विष्णूकाका घरातून निघताना "येतो" असं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "चार्ज दिला." आतून मंगलकाकू, हात कणकेत असले तरी, "घेतला" म्हणायच्या. मगच काका घडीची काठी उघडायचे. एकदा काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, त्यामुळे उत्तर आलं नाही, तर काका उंबऱ्यावरच थांबून राहिले. मी समोर जिन्यात पुस्तक घेऊन बसले होते. मी म्हटलं, "काका, काकू वर आहेत."

"मग तू घे. गॅस बंद हाय. दूध झाकलंय. मोटार चालू हाय, दहा मिन्टानं बंद करायची. चार्ज दिला."

मी घाबरून "घेतला" म्हणाले आणि खरोखर घड्याळ लावून दहा मिनिटांनी मोटार बंद केली.

चिखलीत आमची आणि त्यांची खोली समोरासमोर होती. ते लातूरकडचे, आम्ही सोलापूरकडचे. काका पूर्वी महाळुंग्यातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ मशीनवर सेटर होते, म्हणजे मशीनमध्ये आकडे भरून ते कामाला लावणारे. पाळी संपली की जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनची हालत सांगतो. कुठलं टूल झिजलंय, कुठला आकडा बदललाय. त्याला तिथे चार्ज देणं म्हणतात. डोळ्याच्या पडद्याच्या आजारानं काकांची नजर हळूहळू गेली, नोकरीही गेली, पण चार्ज देणं राहिलं.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. माझ्या धाकट्या बहिणीनं एकदा त्यांचं स्टूल वीतभर सरकवलं. काकांच्या गुडघ्याला लागलं. ते ओरडले नाहीत. तिला जवळ बोलावून म्हणाले, "सरकव की, माय. स्टूल काय माझ्या बापाचं नाही. पण सरकवलं म्हनून सांग." हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. मी तेव्हा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच असल्यामुळे मला वाटायचं, शहाणपणाच्या गोष्टी पुस्तकातच असतात.

काकांनी एका संस्थेत सहा महिने जाऊन कॉम्प्युटर शिकून घेतला होता. पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्यातल्या आवाजाला ते "मास्तर" म्हणायचे. मास्तर इतक्या वेगानं बोलायचा की मला एक शब्द कळायचा नाही. मराठी नावं तर तो अशी उच्चारायचा की हसू यायचं. काकांना सगळं कळायचं. मी म्हणायचे, "काका, जरा हळू करा ना." ते म्हणायचे, "हळू केलं की मास्तर पेंगतो."

माउसला त्यांनी कधी हात लावला नाही. एच दाबला की मास्तर पुढच्या मथळ्यावर जायचा, बी दाबला की पुढच्या बटणावर, ई दाबला की पुढच्या रिकाम्या चौकटीवर. अख्खं पान ते असं एकेका अक्षरानं चालत जायचे. "मथळा म्हंजे गल्ली," ते सांगायचे. "आधी गल्ली धरायची, मग घर शोधायचं. तुम्ही डोळेवाले लोक एकदम गच्चीवरून बगता." ही अक्षरं मास्तरची आहेत, पानाची नाहीत, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं होतं की काकांना शॉर्टकट आवडतात. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

तिसऱ्या वर्षी मला पिंपळे सौदागरमधल्या एका छोट्या ऑफिसात इंटर्नशिप मिळाली. आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे महाळुंग्याचा एक बस कंत्राटदार. आजूबाजूच्या कंपन्यांमधल्या कामगारांना तो घरून आणायचा, पोचवायचा. उद्या कुठल्या स्टॉपवर कोण चढणार, हे कामगार फोन करून सांगायचे आणि डेस्कवरचा माणूस ते आमच्या वेबपानावर नोंदवायचा. सकाळच्या पाळीला तिथे माणूस हवा होता. मी काकांना सांगितलं. तिथले मॅनेजर कदमसाहेब काकांशी बोलले आणि एक महिना बघू म्हणाले. महिनाभर कुणाच्या मदतीशिवाय काम जमलं तर नोकरी पक्की.

काका सहा वर्षं घरी होते. काकू वायरिंगच्या कारखान्यात जायच्या, घर त्यांच्याच पगारावर चालायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि काकूंना विचारलं, "रंग कोनता हाय?" काकू म्हणाल्या, "निळा." काका म्हणाले, "कंपनीचा होता तसाच?" काकूंनी त्यांची कॉलर सरळ केली.

दुपारच्या पाळीला त्याच खुर्चीवर रमेश पठारे बसायचे. ते महाळुंग्याचेच, जुन्या शेतकरी घरातले. प्रेस मशीनवर त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. दोघांची दोस्ती दोन दिवसांत झाली. तीन वाजता काका उठायचे आणि चार्ज द्यायचे. मोशीची गाडी भरली, फोनची वायर ढिली आहे, चहावाल्याला दोन चहा सांगितलेत. पठारे म्हणायचे, "घेतला, राव. पण तुमचा तो मास्तर आधी गप करा, कान किटले माझे."

पठाऱ्यांची अडचण वेगळी होती. आमच्या पानावर नवीन नोंद उघडायला तीन बटणं एकत्र दाबावी लागायची. ते डाव्या हातानं दोन दाबायचे आणि तिसऱ्यासाठी पंजा वाकडा करायचे. माउस डाव्या हातानं धरला की फोन खाली पडायचा. मी तिथे गेले तेव्हा ते म्हणाले, "पोरी, एका बोटात व्हईल असं कायतरी कर की. आमी कुटून आणायची दहा बोटं?"

मी उत्साहानं कामाला लागले. बी म्हणजे नवीन बुकिंग, एच म्हणजे मदत, आर म्हणजे मार्गांची यादी. एक अक्षर, एक काम. मला वाटलं, पठाऱ्यांना सोपं होईल आणि काकांना तर आवडेलच. मास्तर चालू ठेवून तपासलं तर माझी अक्षरं चालेनात, मास्तर ती मधेच पकडत होता. मी इंटरनेटवर शोधलं आणि पानात एक सूचना लिहिली, की मास्तरनं अक्षरं पकडू नयेत, सगळी पानाकडे येऊ द्यावीत. मग चालली. मला इतका आनंद झाला की मी थांबून विचारच केला नाही, मास्तर ती अक्षरं पकडून करत काय होता.

बुधवारी संध्याकाळी ते पानावर चढवलं. पठाऱ्यांचा लगेच फोन आला, "लई भारी झालं, पोरी. आता एका हातानं चहा बी पितो." आणि काकांना मी सांगितलं नाही असं नाही. मी नव्या बटणांचा एक सुंदर तक्ता केला, रंगीत चौकटींचा, आणि त्याचा फोटो डेस्कच्या ग्रुपवर टाकला. खाली पठाऱ्यांचा अंगठा आला. काकांचं काही आलं नाही. मला वाटलं, कामात असतील.

गुरुवारी मोशीच्या स्टॉपवरून तिघी बायकांची शुक्रवारच्या पहिल्या पाळीची नोंद आली. काकांनी नावं लिहिली. मग नेहमीप्रमाणे चौकटीतून बाहेर येऊन जतन करायच्या बटणावर जायला बी दाबला. पानानं भरलेली नोंद टाकून देऊन नवीन कोरी उघडली. मास्तर म्हणाला, "नवीन नोंद." आता, पूर्वीही नोंद जतन झाली की कोरी चौकट यायची आणि मास्तर हेच म्हणायचा. काकांना वाटलं, ओघात एंटरही दाबला गेला, काम झालं.

शुक्रवारी पहाटे मोशीत बस थांबली नाही; इतर स्टॉपवर पठाऱ्यांनी दुपारी नोंदवलेली माणसं होती म्हणून ती थांबली. तिघींची अर्धी पाळी बुडाली. त्यांच्यातल्या एकीनं कदमसाहेबांना फोनवर जे ऐकवलं ते साहेबांनी आम्हाला पुन्हा ऐकवलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरला होता. महिना पुरा व्हायला तीन दिवस राहिले होते.

मला ऑफिसातून तिकडे पाठवलं, पान बघून ये म्हणून. मी पोचले तेव्हा कदमसाहेब काकांसमोर उभे होते. ते वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "काका, मी चूक काढत नाही. पण नोंद नाहीये."

"मी केली हुती, साहेब."

"मग गेली कुठं?"

"मास्तर बोलला की झाली म्हनून."

"कोण मास्तर?"

 काकांची बोटं कीबोर्डच्या कडेवर फिरत होती. मी म्हटलं, "काका, काल जसं केलं तसंच एकदा करून दाखवता?" त्यांनी नाव लिहिलं, चौकटीतून बाहेर येऊन बी दाबला. माझ्या डोळ्यांसमोर चौकट कोरी झाली.

मी लगेच बोलले असं मला लिहायला आवडेल. तसं झालं नाही. माझ्या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट यायचं होतं, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि घरी मी आधीच सांगून ठेवलं होतं की ऑफिसात सगळे माझं कौतुक करतात. मी पडद्याकडे बघत राहिले. काका म्हणाले, "माझाच हात चुकला असंल. धा वर्षं मशीन चालवलं तवा चुकला नव्हता, पण आता..." तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, हात नाही चुकला. बटण मी बदललं. बुधवारी."

"यांना सांगितलं होतं?"

"ग्रुपवर फोटो टाकला होता."

 मग काका म्हणाले, "हां, आला हुता. मास्तर नुसता 'फोटो' म्हनला. मला वाटलं सुप्रभातचा असंल."

कदमसाहेबांना हसावं की चिडावं ते कळेना. म्हणाले, "काढून टाका सगळी बटणं."

पठारे लवकर आले होते, दारातच उभे होते. "आन् मी काय करू, साहेब? नाकानं दाबू?"

"अहो, एकाला पाहिजे, एकाला नको! मी करू काय? सोमवारपर्यंत तुम्ही तिघं काय ते ठरवा. नाही तर मी दोन डोळ्यांचा, दोन हातांचा माणूस आणतो. माझ्या बसेस वेळेवर लागल्या पाहिजेत."

शनिवारी आम्ही काकांच्या खोलीत बसलो. मी रडवेली झाले होते. मी पठाऱ्यांकडे बघायचे तेव्हा वाटायचं, शॉर्टकट चांगले. काकांकडे बघायचे तेव्हा वाटायचं, हा गुन्हा आहे. मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफीचं ऱ्हाऊ दे. एक ऐक."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी काकूंनाही अर्धीच माहीत होती. नजर अधू व्हायला लागली होती, पण त्यांनी कंपनीत लपवलं होतं. एके दिवशी पाळी संपताना त्यांनी मशीनमधला एक आकडा बदलला, एका नगासाठी, आणि परत करायचं राहिलं. त्या दिवशी डोळे फार चुरचुरत होते म्हणून चार्ज न देता, येणाऱ्या पोरगेल्या ऑपरेटरला नुसता हात करून ते निघाले. त्यानं मशीन चालू केलं. टूल सरळ जॉबमध्ये, म्हणजे मशीनवर लावलेल्या लोखंडात, घुसलं, तुकडा उडाला आणि त्याच्या कानाजवळून गेला. "बोटभर इकडं असता तर," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन सांगितलं, साहेब, मला दिसंना झालंय. लोक म्हनत्यात डोळ्यापायी नोकरी गेली. डोळ्यापायी नाही गेली."

काकू गॅसजवळ होत्या. त्यांनी गॅस बारीक केला, इतकंच.

पठाऱ्यांनी आपला पंजा उलटून पाहिला. मग म्हणाले, "व्हय. माझ्या येळंला बी कुणीतरी, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर काढून ठेवला व्हता. सांगितलं न्हाई."

त्या दुपारी ठरलं ते असं. पठारे त्यांच्या नावानं पान उघडतील तेव्हा अक्षरं चालू. काका उघडतील तेव्हा बंद, मास्तरची मास्तरला परत. काकांची एकच अट होती. "पान उघडल्याबरोबर मास्तरनं पयलं वाक्य हेच म्हनायचं, कुनाची सेटिंग चालू हाय. आन् बटन बदललं तर लिहून सांगायचं. फोटो नको." मी रविवारभर बसून ते केलं. सोमवारी कदमसाहेब अर्धा तास काकांच्या मागे उभे राहिले. एकोणीस नोंदी झाल्या, एकही गेली नाही. काका पक्के झाले. त्यांनी मला पेढे दिले नाहीत, चार्ज दिला. "पगार एक तारखेला हाय, काकूला साडी घ्यायची हाय, तिला सांगायचं नाही."

इथे हे संपलं असतं तर मला कॉलेजचा प्रोजेक्ट लिहिता आला असता. माझा विषयच होता, कीबोर्ड शॉर्टकट ही अपंगांना मदत की अडथळा. कॉलेजच्या सरांना शेवटी एका ओळीत निष्कर्ष हवा होता.

पण आठ दिवसांनी पठाऱ्यांचा फोन आला. "पोरी, माझी अक्षरं जरा बंद कर." का विचारलं तर म्हणाले, फोन घेताना उजवा पंजा कीबोर्डवर टेकतो आणि आपोआप नवीन बुकिंग उघडतं. दिवसातून चार वेळा. मी बंद केली. दोन दिवसांनी पुन्हा फोन. "चालू कर बाई. त्याबिगर लईच हाल व्हत्यात. पंजा वर धरीन मी." आणि त्याच आठवड्यात काका म्हणाले, "मला एक दे."

"काय?"

"बटन. एकच. दाबलं की सांगावं, आता कोनती गाडी भरायलाव आन् किती जागा राहिल्या. मधेच फोन आला की मी इसरतो."

"पण काका, तुम्हाला तर नको होती ना?"

"नको हुती कवा म्हनलो? सांगितली नव्हती म्हनलो."

मी त्यांना एक दिलं. कोणतं अक्षर द्यावं यावर आम्ही तासभर घालवला, कारण जवळजवळ प्रत्येक अक्षर मास्तरनं आधीच घेतलेलं होतं. शेवटी एक आकडा सापडला, तर तोही मास्तरचाच निघाला. पण काका म्हणाले, तो मी कधी वापरत नाही. म्हणजे त्यांच्यापुरतं जमलं. दुसऱ्या कुणा आंधळ्या माणसाला तोच आकडा लागत असेल तर? मी हे सरांना विचारलं. सर म्हणाले, "अगं, निष्कर्ष काय लिहिणार आहेस ते सांग." मी लिहिलं, "मदत होते, पण ज्याला होते त्याला विचारल्यावरच कळते, आणि नंतर पुन्हा विचारावे लागते." सरांनी त्याखाली लाल रेघ मारली. तो निष्कर्ष आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नंतर आम्ही चिखली सोडली, मोशीपलीकडे राहायला गेलो. इंटर्नशिप संपली होती. काकांची भेट जवळजवळ वर्षभर झाली नाही. गेल्या महिन्यात चाकणला एका मुलाखतीला गेले होते, परतताना डेस्कवर डोकावले. तीन वाजत आले होते. कदमसाहेब बदलून गेले होते. आमच्या ऑफिसचं पानही नव्हतं. बसचा धंदा घेतलेल्या नव्या मालकांनी दुसरीकडून नवीन पान आणलं होतं, त्याच सकाळी चालू झालेलं. पडदा चकचकीत होता. बाजूला दोन पायांचा एक तक्ता उभा केला होता, रंगीत, नव्या बटणांचा.

काका खुर्चीत ताठ बसले होते, निळ्या शर्टात. शेजारी पठारे डाव्या हातात पेन धरून, मांडीवर वही घेऊन. फोन वाजत होता, तो दोघांनीही उचलला नाही.

"ए," काका म्हणाले आणि ए दाबला. मास्तर काहीतरी बोलला. "काय झालं पडद्यावर?"

"काय न्हाई."

"लिव. ए, काय नाही. बी."

"थांबा, राव. माझी लिपी सावकाश हाय." पठाऱ्यांनी वाकडं वाकडं लिहिलं. "हां. बी दाबा. आयला, सगळंच गेलं!"

"परत आन. आन् लिव, बी ला हात लावायचा नाही."

मी दारातच उभी राहिले. तक्ता माझ्यासमोर होता. मला तो सगळा वाचता येत होता आणि मी एका दमात वाचून दाखवू शकले असते. पण बुधवारचा माझा स्वतःचा तक्ता आठवला आणि मी एक पाऊल मागे घेतलं.

काकांनी मान जराशी वळवली. माझ्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला असावा.

"इंजिनिअर बाई? ये. बस. हितं आज कुनीच चार्ज दिलेला नाही," ते म्हणाले, आणि त्यांचं बोट चाचपडत सीवर जाऊन थांबलं.